आठ दिवसांत भाकरीवर

२८ मे, बुधवार. सकाळी

माह्या पोरानं, गोपाळनं, बियाण्याच्या कंपनीची डायरी आणली होती. तीन वर्षं कोरीच पडली होती. वार जुळत नाहीत. तारीख ठेवली, वार खोडून नवा लिहिला. मी चौथी शिकली, तेवढं पुरते.

अंगणवाडीच्या महामायाताईनं सांगितलं, आजी, नातीनं दिवसभर काय खाल्लं ते लिहून ठेवत जा. मी हाव म्हटलं. पण तिले दाखवायची नाही. कोणालेच दाखवायची नाही.

तर लिहिते. नात भार्गवी. वय एक वर्ष आठ दिवस. दात सहा. खाणं: मिक्सर.

म्हणजे डाळ-तांदूळ मिक्सरमध्ये, गाजर मिक्सरमध्ये, भोपळा मिक्सरमध्ये, सफरचंद शिजवून मिक्सरमध्ये. शेवटी सगळ्याचा एकच लगदा. रंग रोज वेगळा, चव रोज तीच. मी चाखून पाहिला. भिंत लिंपायले चांगला.

सून श्रद्धा मलकापूरच्या शाळेत शिकवते. वर्षभर घरी होती. २३ जूनले शाळा उघडली की ती जाईल, मंग पोट्टी दिवसभर माह्याकडे. बुढा शेतात, गोपाळ भाजीच्या गाडीवर. अन् इथं वडनेरले दुपारची लाईन गेली की चारले येते. मिक्सर काय मी तोंडानं फिरवू?

ठरवलं. आठ दिवसांत पोट्टी भाकरीवर. ५ जूनले मिक्सर माळ्यावर. मी एक लेकरू वाढवलं आहे. गोपाळ आठव्या महिन्यात भाकर चावत होता.

श्रद्धाची एक अट. पोरीसमोर शिव्या नाही. मोबाइलवर कोण्या डॉक्टरीणबाईचं ऐकलं तिनं, लेकराले खाऊ घालताना गोड बोलायचं, पॉझिटिव्ह. आमच्या घरात लेकराले चांगलं म्हणतच नाहीत, नजर लागते. गोपाळले मी पाच वर्षं काळतोंड्या म्हटलं, म्हणून तर तो दारातून वाकून येते. पण ठीक आहे. आठ दिवसांचाच प्रश्न आहे. शब्द दिला.

२९ मे, गुरुवार

ज्वारीची भाकर, तव्यावरची गरम, दुधात कुस्करली. बोटानं मेणासारखी मऊ केली. म्हटलं, माही राणी, माही साखर, आ कर. माहंच तोंड मले कोण्या दुसऱ्या बाईचं वाटलं. पोट्टी पण माह्याकडे अशी पाहे, जशी मी गणपतीची वर्गणी मागायले आली.

घास तोंडात घेतला. दोन मिनिटं ठेवला. जसाच्या तसा परत दिला.

भार्गवीनं खाल्लं: काही नाही.
कोंबडीनं खाल्लं: पाव भाकर.
कारण: ज्वारी. यंदाची ज्वारीच तशी आहे.

३१ मे, शनिवार

वरण-भात, वरून तूप. भात केसात, वरण कानात, तूप माह्या लुगड्यावर. एक शीत नाकात गेलं होतं, तेवढंच काय ते आत गेलं. ते पण शिंकून काढलं.

कारण: ऊन. चव्वेचाळीस डिग्रीत मोठ्या माणसाले जेवण जात नाही.

शेजारची गोजरबाई आली. तिचा नातू प्रेम. अकरा महिन्यांचा. ठेच्याशी भाकर खाते म्हणे. ठेच्याशी! मी म्हटलं, आमची अर्धी खाते, आता तर मागून घेते. गोजरबाई म्हणे, अवं बाई, अर्धी? मी म्हटलं, भूक असली तर पाऊण.

हे खोटं नाही. पुढच्या आठवड्यातलं आज सांगितलं.

२ जून, सोमवार

बुढा जेवता जेवता म्हणे, गोपाळ कुठं खात होता भाकर? तीन वर्षांचा होईपर्यंत तू त्याले चहात टोस बुडवून देत होती. अंगणवाडीत टोस नाही भेटत म्हणून पळून येत होता तो.

बुढ्याचं डोकं गेलं आता. सकाळी चष्मा कपाळावर अन् घरभर चष्मा शोधून राह्यला होता. त्याले तीस वर्षांआधीचा टोस आठवते?

तरी एक टोस चहात बुडवून पोट्टीले दिला. फक्त पाहायले. गट्ट केला तिनं. हे इथं लिहायचं नाही.

४ जून, बुधवार

श्रद्धा आज दिवसभर मलकापूरले. नवा उपाय. भूक. सकाळपासून काही द्यायचं नाही, बारा वाजता भाकर समोर ठेवायची. हात जोडून खाईल.

दहा वाजता मलेच चक्कर आली. तिच्यासमोर खाणं बरं दिसत नाही म्हणून मी पण उपाशी होती. ती खुशाल झोपली. बाराले उठली अन् अशी बोंबलली, की गोजरबाई भिंतीवरून म्हणे, काय व, इचू चावला का पोरीले? मी म्हटलं, दुसरी भाकर मागून राह्यली.

मंग मिक्सर लावला. अर्ध्यात लाईन गेली. उरलेलं पाट्यावर वाटलं. भर दुपारी वरवंटा घेऊन मी गाजर वाटून राह्यली, घाम त्यात पडू नये म्हणून मान वाकडी. मिक्सर माळ्यावर जायचा तवा जाईल, आज तर मीच मिक्सर झाली.

५ जून, गुरुवार

आठ दिवस झाले. मुदत वाढवली. सरकार पण वाढवते.

८ जून, रविवार

किसनरावांच्या मळ्यात रोडगे होते. त्यांच्या बोअरले पाणी लागलं, मारोतीचा नवस फेडला. अर्धं गाव. गोवऱ्यात भाजलेले कणकेचे रोडगे तुपात बुडवून, वांग्याची भाजी, वरण. श्रद्धा घरी कपडे धुवत राह्यली, मी पोट्टीले घेऊन गेली.

गोजरबाईनं माह्यासाठी जागा धरून ठेवली होती. चांगुलपणानं नाही. बसल्याबरोबर सगळ्या बायांले म्हणे, गोपाळच्या मायची नात पाहा, अर्धी भाकर खाते, आता पाहू रोडगा किती खाते. पंगतीतल्या सगळ्या बाया इकडे वळल्या.

मी रोडगा वरणात कालवला. म्हटलं, खाय माही बछडी. पोट्टीनं ओठ आत ओढले. दुकानाचं शटर पडते तसे. म्हटलं, माही पाखरी. अजून आत. प्रेम शेजारी बसून वांगं चघळत होता. रस हनुवटीवरून, पोटावरून. घाणेरडं पोरगं.

मंग पोट्टी माह्या पिशवीवर तुटून पडली. पिशवीत डबी होती. मिक्सरच्या लगद्याची. लागली तर असावी म्हणून ठेवली होती. डबी बाहेर आली. गोजरबाई म्हणे, हे काय व? मी म्हटलं, चटणी. भोपळ्याची. ती म्हणे, दे मंग.

द्यावी लागली. तिनं रोडग्याले लावून खाल्ली. डोळे बारीक करून म्हणे, अळणी आहे, पण पचायले हलकी. दुसऱ्या दोघींनी पण घेतली. डबी पुसून दिली मले. पोट्टी उपाशी, घरी येईपर्यंत माह्या कानात ओरडली.

संध्याकाळी गोजरबाई कृती विचारायले आली. सांगितली.

१० जून, मंगळवार

गोपाळ जेवता जेवता बोलून गेला. वीस तारखेले डिंपलताईकडे जायचं ना, गाडी ठेवतो. श्रद्धानं त्याच्याकडे पाहिलं. तो पाणी प्यायले लागला. तांब्या संपला तरी पीत होता.

मंग श्रद्धानं सगळं सांगितलं. तिच्या शाळेच्या मागं पाळणाघर आहे, डिंपल नावाच्या बाईचं. भार्गवीले सकाळी सोबत न्यायची, संध्याकाळी आणायची. म्हणे, आई, तुम्हीच रोज म्हणता ना, पोरीनं बांधून ठेवलं, कंबर गेली, शेत दिसत नाही. म्हणून तुमच्यासाठीच बघितलं.

खरं आहे. म्हणते मी. रोज म्हणते. म्हणायची गोष्ट आहे ती, ऐकून घ्यायची थोडीच?

पण तोंडावर म्हटलं, लय चांगलं केलं. सुटली मी. आता दुपारी पाय लांब करून झोपीन. पिंपळगाव राजाले बहिणीकडे आठ दिवस जाईन. मिरच्या लावीन. मले खरंच आनंद झाला. ताट तसंच राह्यलं ते गरमीमुळं.

एकच अडचण आहे. डिंपलबाई मिक्सरवालं लेकरू घेत नाही. बारा लेकरं, एकटी बाई, कोणाकोणाचं वाटत बसेल? पोळी, वरण-भात, भाजी, सगळ्यांले एक. वीस तारखेले दाखवायले न्यायचं. तिथं जेवली तर घेईल. नाही जेवली तर पोट्टी घरीच, माह्याकडे.

म्हणजे घरीच.

११ जून, बुधवार

विचार केला. पोट्टीचं पोट नाजूक आहे. नुसतं पाहून समजते. अशा लेकराले दोन वर्षं तरी मिक्सरच पाहिजे. भाकरीची घाई या घरात कोणाले झाली होती, मले समजत नाही.

मिक्सर धुतला, पुसला. गोपाळले सांगितलं, लहानं भांडं नवीन आण.

हे पोट्टीच्या तब्येतीसाठी. पाळणाघराचा अन् याचा काही संबंध नाही.

१३ जून, शुक्रवार

श्रद्धा तीन दिवस मलकापूरले, शाळेचं ट्रेनिंग. घरी मी अन् पोट्टी. ऐकायले कोणी नाही, म्हणून दिलेला शब्द पण नाही. सोळा दिवस तोंड दाबून ठेवलं होतं, पोटात गॅस धरला होता.

तिच्यासमोर मिक्सरची वाटी ठेवली अन् मी झुणका-भाकर घेऊन बसली. म्हटलं, काय पाहून राह्यली व सटवे? माह्या ताटात तुहा बाप बसला का? गप आपला चिखल खाय, आवदसे. चालली मलकापूरले! पाय फुटले नाहीत अजून अन् मलकापूर पाहिजे नकटीले!

पोट्टी हसली. रांगत आली. माह्या मांडीले धरून उभी राह्यली अन् आ केला. एवढा मोठा, की पडजीभ दिसे.

हातातला घास गेला. चावला तिनं. सहा दातांनी, पण बुढ्यापेक्षा बरा. अजून आ. मी म्हटलं, आता मले खातं का डाकिणी? अजून आ. पाव भाकर गेली. झुणक्यासकट.

योगायोग.

खाली पडलेलं सगळं झाडून घेतलं, श्रद्धा यायच्या आत.

१४ जून, शनिवार

मिक्सरची वाटी तिनं उपडी केली. मी म्हटलं, जळो तुहं तोंड, चिपाडे. तिनं माह्या ताटातली वांग्याची फोड उचलली अन् खाल्ली. मी म्हटलं, ठेव ते, भिकारडे. तिनं दुसरी उचलली. मी शिव्या देऊन राह्यली, ती खाऊन राह्यली. शेवटी मी दमली, तवा ती थांबली.

बुढा जेवायले आला होता, दारातून पाहत होता. म्हणे, अवं, तुहं तोंड चालू झालं की तिचं चालू होते.

बुढ्याले काय समजते. त्याले सांगितलं, हे श्रद्धाच्या कानावर गेलं तर उद्यापासून चहा बंद. तो म्हणे, मी काय पाहिलं? माहा चष्माच सापडून नाही राह्यला.

१६ जून, सोमवार

आज दुपारी भार्गवीनं खाल्लं: मिक्सरचं दोन चमचे. वरण-भात एक वाटी. पोळी अर्धी. बटाट्याची भाजी. आंब्याची कोय, चाटून पांढरी केली. कांद्याची पात. एक गवताची काडी, ती मी बोट घालून काढली.

थोडक्यात, काही खात नाही.

संध्याकाळी श्रद्धानं पोळी दुधात कुस्करली. माझी परी, माझं पिल्लू, एक घास आईसाठी. पोट्टीनं तोंड फिरवलं. परत परी, परत पिल्लू. पोट्टी भिंतीकडे. श्रद्धाच्या डोळ्यात पाणी आलं. म्हणे, आई, चारच दिवस राहिले. दुपारी तरी काही खाल्लं का हिनं? मी म्हटलं, मिक्सरचं दोन चमचे.

हे पण खोटं नाही. दोन चमचे खाल्लेच होते. बाकीचं तिनं विचारलं नाही.

१८ जून, बुधवार

महामायाताई वजनकाटा घेऊन आली. तीन आठवड्यांत पाचशे ग्रॅम वाढलं. श्रद्धासमोर म्हणे, वा आजी, काय खाऊ घालता? तेच चालू ठेवा.

मी म्हटलं, काटा बिघडला तुमचा. ताई पण हट्टी. घरातली किलोची साखरेची पुडी मागितली, काट्यावर ठेवली. बरोबर एक किलो. मी म्हटलं, साखरेचं बरोबर दाखवते, लेकराचं नाही दाखवत.

श्रद्धा माह्याकडे पाहत राह्यली. ताई म्हणे, लिहून ठेवलं ते दाखवा ना आजी. मी म्हटलं, डायरी उंदरानं खाल्ली.

डब्याखाली होती. आता गादीखाली ठेवते.

२० जून, शुक्रवार. मलकापूरहून आल्यावर

मी सोबत गेली. खरं-खोटं पाहायले घरचं कोणीतरी पाहिजे. जाताना मनात एकदम पक्कं होतं. पोट्टी खाते ते माह्या ताटातलं, माह्या हातचं. म्हणून मी माहे दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली. आता कोण खाऊ घालते पाहू.

डिंपलबाई तिशीतली, आवाज असा की कानात साखर पडते. सतरंजीवर बारा लेकरं ओळीनं. वरण-भात, पोळी, भेंडी. पोट्टीले मधोमध बसवलं. डिंपलबाई म्हणे, बाळा, चिऊचा घास. शटर. बाळा, काऊचा घास. शटर. बाळा, आपण शहाणं बाळ ना? पोट्टीनं मान अशी वळवली, की मागच्या पोराशी बोलायले लागली.

दहा मिनिटं. डिंपलबाईनं चमचा खाली ठेवला. म्हणे, मॅडम, नाही जमणार हो, दोन-तीन महिन्यांनी बघू. श्रद्धाचं तोंड एवढंसं झालं. मले तिचं वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण पोट्टीचं पोट नाजूक, त्याले कोण काय करते?

इथंच उठली असती तर बरं होतं. मी पोट्टीच्या कानाशी वाकली अन् हळूच म्हटलं, शाबास भवाने. असंच थोबाड बंद ठेव. खाल्लं तर टंगडी तोडीन.

तिनं आ केला.

डिंपलबाईचा हात जवळच होता. चमचा आत. मी म्हटलं, अवं थुक, कैदाशिणी! तिनं चावलं. मी म्हटलं, अवं दगलबाज, घरभेदी, चुलीत घाल ते वरण! दुसरा चमचा. तिसरा. मी जसजशी कानात बोलून राह्यली तसतशी वाटी खाली होऊन राह्यली. शेवटी तिनं शेजारच्या पोराची भेंडी घेतली.

डिंपलबाई म्हणे, अॅडमिशन पक्की.

गाडीत श्रद्धानं माहा हात धरला. म्हणे, आई, तुम्ही नसत्या तर झालंच नसतं. कानात काय म्हणालात? मी म्हटलं, देवाचं नाव घेतलं.

२३ जून, सोमवार

पोट्टी गेली सकाळी आठले. गाडीत मायच्या मांडीवर बसून दुसरीकडेच पाहत होती. टाटा पण केला नाही. बरं झालं. मी पण केला नाही.

दुपारी ठरवल्यासारखी झोपली. पाय लांब करून. मस्त झोप लागली. बारा वाजून पंधरा मिनिटांपासून बारा वीसपर्यंत.

मिरच्या लावायच्या होत्या. उद्या.

कोंबडीले म्हटलं, काय फिरून राह्यली व सटवे. ती ओसरीवर आली अन् आ न करता निघून गेली.

संध्याकाळी श्रद्धा म्हणे, भार्गवीनं तिथं काहीच खाल्लं नाही. मी म्हटलं, पहिला दिवस आहे. मले वाईट वाटलं नाही. उलट दोन घास जास्त जेवली.

२५ जून, बुधवार

तिसरा दिवस. सकाळ-संध्याकाळ घरी दूध, तिथं नुसतं पाणी. घरी आली की झोपूनच जाते, खाऊ घालायले सापडत नाही. डिंपलबाई म्हणे, शुक्रवारपर्यंत बघते, नाही तर मॅडम, घरी ठेवा. शेवटी लेकरू आहे.

मी पोट्टीची सतरंजी झटकली, उन्हात टाकली. तयारी म्हणून नाही. पावसाच्या आधी झटकावीच लागते. तिची वाटी पण घासून ठेवली. वाट्या घासाव्याच लागतात.

पिंपळगावच्या बहिणीले निरोप दिला, यायचं जमत नाही.

२६ जून, गुरुवार

साडेबाराले फोन वाजला. डिंपलबाई. मागं पोट्टी रडून राह्यली होती. म्हणे, आजी, चौथा दिवस आहे, घासाला तोंडच उघडत नाही. त्या दिवशी तुम्ही कानात काय म्हणालात? मी म्हटलं, देवाचं नाव. ती म्हणे, आजी, मी शेजारीच बसले होते.

एक दिवस चूप राह्यची गोष्ट होती. उद्या शुक्रवार. पोट्टी परत घरी, सतरंजी झटकलेलीच. नुसता फोन ठेवायचा होता. लाल बटण कुठं आहे ते पण मले माहीत आहे.

पण तिचा आवाज बसला होता. भुकेचं रडणं वेगळं असते. मधून मधून थांबते. अन् ते थांबणं लय वाईट.

तोंडातून निघूनच गेलं. अवं सटवे! कोणाच्या मयताले बसली व रडत? समोर वाढलं ते दिसत नाही का, फुटक्या डोळ्याची? गिळ ना!

तिकडे पोट्टीचं रडणं बंद. डिंपलबाई म्हणे, आजी, थांबू नका, स्पीकरवर टाकते. मंग मी थांबलीच नाही. नकटे, चिपाडे, तुह्या नाकाले शेंबूड, तुह्या अकलेले गोवर. मी दम खायले थांबली की डिंपलबाई म्हणे, आजी, तोंड मिटलं. परत सुरू. वरण-भात संपेपर्यंत. बाकीच्या बारा लेकरांचा आवाज नाही. जेवत होती का भ्याली होती, माहीत नाही.

फोन ठेवला तवा समजलं, काय करून बसली ते.

तोंड आहे, चालून गेलं.

२७ जून, शुक्रवार

साडेबाराले परत फोन. परत खाल्लं. पोट्टी तिथंच राह्यली.

पण आता मले दुसरी गोष्ट समजली. मलकापूरसारखं गाव, शिकलेली बाई, बारा लेकरं, अन् माह्याशिवाय एक घास उतरत नाही. गोजरबाईले सांगितलं. ती म्हणे, शिव्या द्यायले फोन येते तुले? मी म्हटलं, मार्गदर्शन.

ठरवलं. आठ दिवस रोज फोन होईल. मंग डिंपलबाई कंटाळेल, श्रद्धा म्हणेल, आई, एवढं करता तर पोरगी तुम्हीच ठेवा. मी आधी नाही म्हणीन. मंग दुसऱ्यांदा म्हटलं की हाव म्हणीन. ५ जुलैपर्यंत पोट्टी घरी.

रोज त्याच त्या शिव्या बऱ्या नाहीत. मागच्या पानावर नव्या लिहून ठेवल्या. गोजरबाईले तिच्या सासूच्या विचारल्या. सात सांगितल्या, दोन कामाच्या निघाल्या.

३० जून, सोमवार

फोन बरोबर साडेबाराले. मी बारापासूनच जवळ घेऊन बसली होती. डिंपलबाई म्हणे, आजी, आज जरा सावकाश बोला, स्पष्ट. म्हटलं, आता कदर कळली बाईले. सावकाश बोलली. सगळ्या नव्या घेतल्या. ओघात श्रद्धाचं अन् तिच्या मायचं पण थोडं बोलून गेली. पूर्ण चार मिनिटं. डिंपलबाई म्हणे, खूप छान झालं आजी. थँक्यू.

पाच दिवस उरले.

१ जुलै, मंगळवार

फोन नाही आला. रेंज नसेल.

२ जुलै, बुधवार

आज पण नाही. गोपाळले म्हटलं, माह्या फोनवर फोन करून पाहाय. लगेच वाजला. गोपाळ म्हणे, बोल ना माय. मी म्हटलं, ठेव.

बुढा म्हणे, दीड वाजला, जेवायले वाढतं का? साडेबारापासून फोन मांडीवर होता, ध्यान राह्यलं नाही. त्याले म्हटलं, तुले नुसतं गिळायलेच पाहिजे. तो जेवला. दोन भाकरी.

३ जुलै, गुरुवार. संध्याकाळी

श्रद्धाले विचारलं, सहज. पोट्टी जेवते का तिथं? म्हणे, हो आई, मस्त जेवते. तुम्हाला रोज त्रास नको म्हणून डिंपलनं सोमवारी तुमचं बोलणं रेकॉर्ड करून घेतलं. साडेबारा वाजले की लावते. दोन हट्टी मुलं होती, ती पण जेवायला लागली. शिव्या तर शिव्या, पोटात जातं ना.

मंग तिच्या मोबाइलवर लावून दाखवलं. तिलेही पाठवलं होतं डिंपलनं. चार मिनिटांचं तीनच मिनिटं होतं. शेवटचं, तिच्या मायबद्दलचं, कापलेलं. श्रद्धा म्हणे, कापायच्या आधी मी पूर्ण ऐकलं, आई. मी म्हटलं, बरं.

आवाज चांगला आहे माहा. स्वच्छ.

पोट्टी आज जागी होती. तिले मांडीवर घेतलं, भाकर वरणात कुस्करली. म्हटलं, मोबाइलचं काय घेऊन बसता, खरी इथं जिवंत आहे. म्हटलं, खाय व टवळे. तिनं माह्याकडे पाहिलंच नाही. श्रद्धाच्या हातातल्या मोबाइलकडे हात केला. मी परत म्हटलं, जोरात, सोमवारच्या सगळ्या, नंबरवार. पोट्टी मांडीवरून उतरली अन् मायकडे गेली.

श्रद्धानं मोबाइल लावला. पोट्टीनं आ केला. श्रद्धानं घास दिला. मी अजून बोलूनच राह्यली होती. तर श्रद्धा म्हणे, आई, जरा गप्प बसता का? तिला ऐकू येत नाहीये.

बसली गप. मोबाइलमध्ये मी बोलून राह्यली होती, अन् पोट्टी जेवून राह्यली होती.